गुणाखाली एक ओळ छापा : कन्सोल गेमच्या समीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
कन्सोल गेमच्या समीक्षा छापणारे संपादक व समीक्षक,
तसेच या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक आणि ओपनक्रिटिकचे चालक

विषय : दिलेला गुण कोणत्या कन्सोलवर, कोणत्या आवृत्तीवर आणि किती तास खेळून दिला, ते गुणाखाली छापण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलं आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. गेमला दहापैकी आठ द्या, पाचपैकी तीन तारे द्या, नाहीतर काहीच देऊ नका, तो तुमचा अधिकार. पण गुण दिलात तर त्याच्या खाली एक ओळ द्या. कन्सोल कोणता आणि त्यातलं मॉडेल कोणतं, गेमची आवृत्ती कुठली, कोणत्या मोडमध्ये खेळलात, किती तास खेळलात, ऑनलाइन भाग गेम बाजारात आल्यावर तपासला की त्याआधी. वाण्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा वजन, तारीख आणि बॅच नंबर असतो. पाच हजारांच्या गेमला चिकटवलेल्या गुणावर यातलं काहीच नसतं.

पाच हजार हा आकडा हवेतला नाही. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) हा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला आणि त्यावरच्या सोनीच्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ लागली. पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांच्या आत परत करता येतो. प्लेस्टेशन स्टोअरमध्येही चौदा दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलात की नेहमीच्या नियमाने परतीचा हक्क गेला. म्हणजे चाखून बघायची सोय नाही. पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीच्या वरच्या पॅकमध्ये काही गेम ठरावीक वेळ खेळून बघता येतात, तेही मोजकेच. उरतो तुमचा गुण. आपल्याकडे डिस्क घेऊन, गेम संपवून ती पुढे विकणारे बरेच आहेत, कारण त्यात निदान अर्धे पैसे सुटण्याची आशा असते. पण गेम मुळात आपल्या मशीनवर नीट चालेल का, हा प्रश्न त्यांनाही आहेच.

हा प्रश्न किती महागात पडतो, ते सायबरपंक २०७७ ने दाखवलं. गेम १० डिसेंबर २०२० ला आला. आदल्या काही दिवसांत समीक्षकांना मिळाली ती फक्त पीसीची प्रत, आणि सुरुवातीच्या समीक्षांत स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही मनाई होती. सरासरी नव्वदच्या आसपास दिसत होती. त्या जोरावर लोकांनी गेम घेतला आणि २०१३ च्या पीएस४ मध्ये लावला. त्या मशीनचा प्रोसेसर त्या काळीही कमकुवतच होता आणि आत लॅपटॉपमधली ५,४०० आरपीएमची हार्ड डिस्क. गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता आणि इमारती वेळेत डिस्कवरून येईनात. माणसांच्या चेहऱ्यावरचं टेक्श्चर, म्हणजे त्वचेचे बारकावे, दोन-चार सेकंदांनी उमटायचं, फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) विशीत उतरायचा, मधूनच गेम बंद पडून कन्सोलचा निळा एरर यायचा. सोनीने आठवड्याभरात गेम स्टोअरमधून काढला, तो परत आला २१ जून २०२१ ला. मेटाक्रिटिकवर आज पीसीचा आकडा ८६ आणि पीएस४ चा ५७ आहे. एकच नाव, एकच बॉक्सचं चित्र आणि मध्ये एकोणतीस गुणांची दरी.

इथे कुणी खोटं लिहिलं, असं आमचं म्हणणं नाही. बऱ्याच जणांनी मजकुरात कुठेतरी ‘पीसीवर खेळलो’ असं लिहिलं होतं. पण आकडा मजकुराबरोबर फिरत नाही. तो गुगलच्या निकालात दिसतो, दुकानदाराच्या तोंडी येतो, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होतो, आणि सगळीकडे एकटाच जातो. म्हणून ती ओळ बाराव्या परिच्छेदात नको. आकड्याच्या पोटाशी हवी, म्हणजे स्क्रीनशॉट काढला तरी सोबत येईल.

मशीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, कारण ती सरासरीच्या पानावर मुळीच दिसत नाही. मेटाक्रिटिकवर ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ असं एकच पान आहे. तिची स्वस्त बहीण सिरीज एस वेगळी धरलेली नाही. या दोन मशीनच्या ग्राफिक्सच्या ताकदीत कागदावर तिपटीचा फरक आहे, बारा टेराफ्लॉप आणि चार. मेमरी एकीत १६ जीबी, दुसरीत १०. भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये सिरीज एस ३४,९९० ला आणि सिरीज एक्स ४९,९९० ला आली. घरात पहिला कन्सोल घेणारा कोणती घेईल ते सांगायला नको. बाल्डर्स गेट ३ डिसेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आला तेव्हा सिरीज एसवर एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच नव्हती, ती मिळाली २०२५ मध्ये. नवरा-बायकोने किंवा भावंडांनी मिळून खेळायला घेतलेल्या गेमचा हा तपशील म्हणजे अर्धा गेम. गुणात तो कुठे आहे? पीएस४ आणि पीएस४ प्रो, पीएस५ आणि पीएस५ प्रो यांचंही तेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस५ प्रो बाहेर आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्यातल्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला झालेला नव्हता. प्रोवर खेळून दिलेला गुण इथला वाचक साध्या पीएस५ साठी वाचत होता. ‘पीएस५’ एवढंच लिहिलं तर कोणता पीएस५ हे त्याला कसं कळावं?

आता मोड. बहुतेक नव्या गेममध्ये दोन असतात : एकात चित्र जास्त स्पष्ट आणि सेकंदाला ३० फ्रेम, दुसऱ्यात चित्र थोडं मऊ आणि ६० फ्रेम. पीएस५ च्या सेटिंगमध्ये ‘गेम प्रीसेट’ नावाचा भाग आहे. तिथे एकदा परफॉर्मन्स मोड निवडून ठेवला की तो मानणारे गेम आपोआप त्याच मोडमध्ये सुरू होतात. वर्षापूर्वी केलेली ही निवड समीक्षक विसरलेला असतो. तो लिहितो ‘गेम लोण्यासारखा चालतो’, दुसरा लिहितो ‘अडखळतो’, आणि दोघेही खरं सांगत असतात.

दुसरी गोम टीव्हीत असते. चांगल्या समीक्षकाकडे १२० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा), व्हीआरआर असलेला टीव्ही असतो. व्हीआरआर म्हणजे टीव्ही आपला ठेका सोडून गेमच्या ठेक्यावर चालतो. गेम ५२ फ्रेमवर घसरला तरी टीव्हीही तितक्याच वेळा चित्र बदलतो आणि घसरण डोळ्याला जाणवत नाही. साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर त्याच ५२ फ्रेम दाखवायच्या तर सेकंदाला आठ चित्रं दोनदा दाखवावी लागतात, आणि कॅमेरा फिरवताना तो अडखळा स्पष्ट दिसतो. बहुतेक घरांत साधाच टीव्ही आहे. पीएस५ वर व्हीआरआरची मर्यादा ४८ ते १२० हर्ट्झ, त्यामुळे ३० फ्रेमच्या मोडला त्याचा सहसा उपयोग नाही. तेव्हा चाचणीपुरतं स्क्रीन अँड व्हिडिओमधून व्हिडिओ आउटपुटमध्ये जाऊन व्हीआरआर बंद करा आणि गेममधल्या सगळ्यात गर्दीच्या ठिकाणी दहा मिनिटं फिरा. कंटाळवाणं काम आहे, पण तेवढ्यात खरी परिस्थिती कळते.

‘फ्रेमरेट मोजायला आमच्याकडे डिजिटल फाउंड्रीसारखी (गेमची तांत्रिक चाचणी करणाऱ्यांसारखी) यंत्रणा नाही’ असं तुम्ही म्हणाल. लागत नाही. पेनड्राइव्ह आणि व्हीएलसी प्लेयर पुरतो. गेममध्ये अशी जागा धरा जिथे कॅमेरा गोल फिरवता येईल आणि समोर भरपूर तपशील असेल, म्हणजे बाजार, झाडी, पाऊस असं काही. कंट्रोलरची उजवी काडी एका बाजूला दाबून धरा आणि दहा सेकंद रेकॉर्ड करा. क्लिप ६० फ्रेमची हवी. ती पेनड्राइव्हवर घेऊन व्हीएलसीमध्ये उघडा आणि ‘ई’ ही कळ दाबत जा, एका दाबाला एक चित्र पुढे सरकतं. दहा सेकंदांत ६०० चित्रं. प्रत्येक दाबाला चित्र हललं तर गेम ६० फ्रेमवर आहे. प्रत्येक चित्र बरोबर दोनदा आलं तर ३०, आणि नीट ३०. पण कधी एकदा, कधी तीनदा, मग दोनदा, असं येत असेल तर सरासरी ३० च भरेल, तरी हाताला गेम जड लागेल. कारण एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, पुढचं ५०, त्यापुढचं ३३.३. बॉक्सवर ‘३०’ लिहिणं इथे खोटं नाही, पण पुरेसंही नाही. सगळी ६०० मोजत बसू नका, सलग दोन सेकंदांची १२० मोजली तरी ठेका लक्षात येतो. कॅमेरा स्थिर असेल तर ही मोजणी चुकते, कारण न हललेलं चित्र आणि पुन्हा आलेलं चित्र यात फरक करता येत नाही. आणि काही गेममध्ये असलेला ४० फ्रेमचा मोड या पद्धतीने मोजू नका. तो १२० हर्ट्झच्या टीव्हीवर चालतो, ६० च्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा ठेका मोडूनच येणार.

आवृत्तीचा नंबर मिळवणं त्याहून सोपं. पीएस५ च्या मुख्य पडद्यावर गेमवर यायचं, ऑप्शन्सचं बटण दाबायचं, ‘इन्फर्मेशन’ उघडायचं. आवृत्ती तिथेच लिहिलेली असते. समीक्षेला मिळालेली प्रत पहिल्या दिवसाच्या पॅचआधीची (पॅच म्हणजे मागाहून पाठवलेली दुरुस्ती) की नंतरची, हे त्या आकड्यावरूनच कळतं. ‘प्रकाशकाने सांगितलंय की हे दोष पहिल्या पॅचमध्ये जातील’ हे वाक्य गेली दहा वर्षं आम्ही समीक्षांत वाचतो आहोत. जातील तेव्हा जातील. गुण समोर असलेल्या आवृत्तीला द्या आणि तिचा नंबर लिहा.

तास का लिहायचे, यासाठी जुनं उदाहरण घेतो. स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. एक्सबॉक्स ३६० वर ९६, पीएस३ वर ९२, दोन्ही आकडे हिरवेगार. पीएस३ वर मात्र वीस-तीस तास झाले, खेळाची प्रगती साठवणारी सेव्ह फाइल फुगली, की गेम रखडायला लागायचा, काहींच्या घरी तर चालवण्याजोगाच राहिना. या गेमची मौज अशी की तुम्ही कुठे काय टाकलं, कुणाला कुठे मारलं, कुठली थाळी टेबलावरून पाडली, हे सगळं तो लक्षात ठेवतो. खेळाल तितकी ही यादी वाढत जाते. एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ एमबी मेमरी एकत्र होती, हवी तशी वाटून घेता यायची. पीएस३ मध्ये ती २५६-२५६ अशी दोन खोल्यांत विभागलेली, एका खोलीतली जागा दुसऱ्या खोलीतल्या सामानाला मिळायची नाही. पहिल्या दहा तासांत हा दोष सापडणं शक्यच नव्हतं. समीक्षकाने दहा तासांत गुण दिला म्हणून आम्ही त्याला दोष देत नाही. ‘१० तास, पीएस३’ एवढं लिहिलं असतं तर चाळीस तास खेळणाऱ्याला कळलं असतं की पुढचा रस्ता अजून कुणी पाहिलेला नाही.

साठ तासांचा गेम आठवड्यात संपवून रविवारी रात्री मजकूर द्यायचा, हे काम सोपं नाही. उलट तासांची नोंद समीक्षकाच्याच सोयीची आहे. न संपवताही प्रामाणिक गुण देता येतो.

ऑनलाइन भागाची गत याहून वाईट. समीक्षेच्या काळात सर्व्हर रिकामे असतात, वर शंभर-दोनशे समीक्षक आणि कंपनीची माणसं. ते म्हणजे पहाटे चार वाजता कर्जत लोकल बघून मुंबईच्या गर्दीबद्दल लिहिण्यासारखं. नोव्हेंबर २०१४ मध्ये हेलो : द मास्टर चीफ कलेक्शनला भरभरून गुण मिळाले. गेम बाजारात आल्यावर ऑनलाइन सामना जुळेचना. खेळाडू वाट पाहत बसायचे, जुळला तर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला एक. दुरुस्तीत महिने गेले. सरासरी मात्र ८५ ची ८५.

आणि ग्रॅन टुरिस्मो ७. ४ मार्च २०२२ ला आला, समीक्षकांची सरासरी ८७. गाड्या विकत घ्यायला गेममधले क्रेडिट लागतात, ते शर्यती जिंकून कमवा किंवा खरे पैसे मोजून घ्या. खऱ्या पैशांचे भाव समीक्षेच्या काळात दिसतच नव्हते. रिलीजनंतर दोन आठवड्यांत १.०७ हा पॅच आला आणि काही शर्यतींचं बक्षीस कमी केलं गेलं, म्हणजे तीच गाडी घ्यायला जास्त तास. त्याच पॅचच्या गोंधळात सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले. हा गेम एकट्याने खेळतानाही इंटरनेट मागतो, त्यामुळे डिस्क घरात असून लोक बसून राहिले. कंपनीने पुढे दहा लाख क्रेडिट भरपाई म्हणून दिले. ८७ ज्या गेमला मिळाले तो गेम दोन आठवडेच अस्तित्वात होता. क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्डमध्ये तर जून २०१९ ला समीक्षा छापून झाल्या आणि ऑगस्टमध्ये पैसे देऊन नाणी घेण्याची सोय आत आली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, आमच्याकडे त्याला दिलेला शब्द छापण्यासारखा नाही.

म्हणून नेट बंद करून बघणं हीसुद्धा समीक्षा आहे. पीएस५ मध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘कनेक्ट टु द इंटरनेट’ बंद करा, गेम पूर्ण काढून टाका, फक्त डिस्कवरून पुन्हा टाका आणि सुरू होतो का पाहा. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर साधारण ७० एमबी एवढंच होतं, बाकी सगळा गेम डाउनलोड. डिस्क म्हणजे नुसती किल्ली. ज्याच्याकडे महिन्याला मोजकाच डेटा आहे त्याला पाचपैकी साडेचार ताऱ्यांआधी हे सांगायला हवं. किती जीबी डाउनलोड आणि किती जागा, तेही. सिरीज एसच्या ५१२ जीबीतली वापरायला ३६४ च मिळते, तीन-चार मोठ्या गेममध्ये ती भरते. ऑटोसेव्ह, म्हणजे प्रगती आपोआप साठवणं, किती वेळाने होतो हे एका वाक्यात लिहा. जिथे भारनियमन आहे तिथे हा प्रश्न ग्राफिक्सच्या आधी येतो. आणि टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर सोफ्यावर बसून सबटायटल वाचता येतात का ते बघा. २००६ मध्ये डेड रायझिंग एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा एचडी टीव्हीवर सगळं ठीक होतं, पण जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर कामगिरीची सूचना देणारी अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची.

एवढं सगळं धरून आमच्या हिशेबाने तीन तास लागतात.

आता सरासरी काढणाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे.

दहावीच्या निकालात ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य मिळतं, ६० ला प्रथम श्रेणी, ३५ ला पास. मेटाक्रिटिकवर गेमला हिरवा रंग लागतो तोच ७५ पासून. ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. त्याच मेटाक्रिटिकवर सिनेमाला मात्र ६१ लाच हिरवा मिळतो. म्हणजे ६८ चा सिनेमा ‘चांगला’ आणि ६८ चा गेम ‘संमिश्र’. फूटपट्टी एकाच घरातली, खुणा वेगळ्या. प्रकाशकांच्या डोक्यात ७० म्हणजे नापास हे पक्कं बसलं आहे, त्यात या रंगांचा वाटा मोठा आहे.

मग रूपांतर. पाच तारे देणाऱ्याचा तीन ताऱ्यांचा गेम ६० होतो, चार ताऱ्यांचा ८०. अर्धे तारे न देणाऱ्याला ‘दोष आहेत, पण जरूर खेळा’ असं सांगायला ७५ च्या जवळ जागाच नाही. अक्षरांत गुण देणाऱ्यांचं तर विचारू नका. ‘बी’ म्हणजे ७५, ‘बी वजा’ म्हणजे ६७, ‘सी’ म्हणजे ५०. ‘बी वजा’ लिहिणारा माणूस बऱ्यापैकी खूश असतो, त्याचा आकडा पिवळा होऊन बाहेर पडतो. वर कोणत्या प्रकाशनाला किती वजन, हे गुपित. ओपनक्रिटिकने २०१५ मध्ये साधी सरासरी आणि किती समीक्षक शिफारस करतात त्याची टक्केवारी, असा उघड हिशेब सुरू केला, ते बरं वाटलं. पण तिथे सगळ्या मशीनचे गुण एकाच आकड्यात येतात. एकाकडे मशीन वेगळं आहे पण वजन झाकलेलं, दुसऱ्याकडे हिशेब उघड पण मशीन एकत्र.

या आकड्यावर माणसांचे पगारही अडकतात, म्हणून एवढी चिरफाड करतोय. फॉलआउट : न्यू व्हेगास बनवणाऱ्या ऑब्सिडियनच्या ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की बोनससाठी मेटाक्रिटिकवर ८५ लागणार होते आणि गेम ८४ वर थांबला. एक गुण. एखाद्याचा ‘बी’ ‘बी वजा’ झाला तरी हलेल एवढा.

दुसरी अडचण पहिल्या गुणाची. मेटाक्रिटिक एखाद्या प्रकाशनाने दिलेला पहिला गुणच धरतं, नंतर बदलला तरी तो बदलत नाही. प्रकाशकांनी दबाव आणून गुण वाढवून घेऊ नयेत, हा हेतू रास्त आहे. पण २०१७ मध्ये आयजीएन या संकेतस्थळाने पीसीवरच्या ‘प्रे’ या गेमला सेव्ह फाइल बिघडत असल्यामुळे दहापैकी ४ दिले, दुरुस्ती आल्यावर ८ केले. पहिला आकडा त्या दिवशी बरोबर होता आणि दुसरा त्या दिवशी. दोन्ही ठेवा. पहिला सरासरीत राहू दे, दुसरा तारीख आणि आवृत्तीसह शेजारी दाखवा. ग्रॅन टुरिस्मो ७ च्या बाबतीत हाच नियम उलटाही चालेल : ८७ च्या शेजारी १.०७ नंतरचा आकडा.

वाचकांच्या गुणांबद्दल थोडक्यात. जून २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस भाग २ वर गेम संपवणं शक्य नसलेल्या वेळात हजारो शून्यं पडली, त्यानंतर मेटाक्रिटिकने रिलीजनंतर ३६ तास वाचकांचे गुण बंद ठेवायचा नियम केला. चांगलं झालं. आता त्यांनाही कन्सोलचं मॉडेल विचारा.

संपादकांनो, एम्बार्गोची, म्हणजे प्रकाशकाने समीक्षा छापायला ठरवून दिलेली, वेळही त्या ओळीत येऊ द्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये असॅसिन्स क्रीड युनिटी अमेरिकेत मध्यरात्रीपासून विकला जात होता आणि समीक्षा छापायची परवानगी होती दुपारी बारापासून. अशा अटीवर प्रत घेतली असेल तर लिहा. वाचक त्यावरून काय ओळखायचं ते ओळखतो.

गुणच बंद करा, असा सल्ला आम्ही देणार नाही. युरोगेमर या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ते करून पाहिलं आणि २०२३ मध्ये तारे परत आणले. लोकांना आकडा हवा असतो, आम्हालाही हवा असतो. जपानच्या फामित्सू या नियतकालिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी देतात आणि चारही आकडे शेजारी-शेजारी छापतात. ९, ९, ८, ६ असं दिसलं की एकाला काहीतरी खटकलंय हे शाळकरी पोरालाही कळतं. बेरीज ३२ एवढीच छापली असती तर ते सहा लपले असते. आकड्याबरोबर थोडी जास्तीची माहिती दिल्याने आकड्याची किंमत कमी होत नाही, हे तिथे १९८६ पासून दिसतंय.

तेव्हा ओळ अशी असावी, समजा दहापैकी आठच्या खाली :

‘पीएस५, साधं मॉडेल, डिस्क. आवृत्ती १.०३. परफॉर्मन्स मोड, ६० हर्ट्झ टीव्ही, व्हीआरआर बंद. मुख्य कथा पूर्ण, ३१ तास. ऑनलाइन भाग रिलीजनंतर ६ तास. नेटशिवाय सुरू होतो. प्रत प्रकाशकाकडून, अटीविना. सिरीज एस : तपासलेला नाही.’

शेवटचे दोन शब्द छापायला सगळ्यात जड जातील, याची कल्पना आहे. ते प्रकाशकालाही आवडणार नाहीत, कारण पुढचा प्रश्न त्यालाच येईल : त्या मशीनची प्रत का दिली नाही? १० डिसेंबर २०२० च्या आधीच्या प्रत्येक गुणाखाली ‘पीएस४ : तपासलेला नाही’ असं छापलेलं असतं, तर पीएस४ वाल्यांनी आठवडाभर थांबून घेतलं असतं.

आपले,
कन्सोलवर गेम खेळणारे आणि फ्रेम मोजत बसणारे काही वाचक